रेघ आणि तिचे वाचक : ईसीजी वाचायला माणूस कसा शिकला?

१/
जुलै १९०९. ब्रिटिश संसदेत एका कुत्र्याविषयी प्रश्न विचारला गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एका समारंभात जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय खारट पाण्याच्या भांड्यांत ठेवून आणि ती भांडी तारांनी यंत्राला जोडून त्याच्या हृदयातली वीज पाहुण्यांना दाखवण्यात आली होती. हा प्राण्याचा छळ नव्हे काय, असा आक्षेप होता. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिले की, भांड्यांत साधे मीठ घातलेले पाणी होते. समुद्राच्या पाण्यात पाय बुडवणाऱ्या कोणालाही जो अनुभव येतो, तोच त्या कुत्र्याला आला.

२/
जिमीचे मालक होते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर. माणसाच्या हृदयाची विद्युत नोंद शरीर न उघडता, बाहेरूनच घेण्याचा पहिला मान त्यांचा. वर्ष १८८७, ठिकाण लंडनचे सेंट मेरीज हॉस्पिटल. तरीही पुढे दोन तपांनंतर, १९११ मध्येसुद्धा, या नोंदीचा रुग्णालयात फारसा उपयोग होईल असे त्यांना वाटत नव्हते. एखाद्या दुर्मीळ विकृतीची नोंद क्वचित कधी घेता येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

ज्याने ती रेघ पहिल्यांदा उमटवली, त्यालाच ती कशासाठी वाचायची हे उमगले नव्हते. हा थ्रेड त्या रेघेच्या वाचकांविषयी आहे.

३/
हृदयात वीज असते, हे वॉलर यांच्या आधीपासून ठाऊक होते. १८५६ मध्ये कोलिकर आणि म्युलर या दोन जर्मनभाषक शास्त्रज्ञांनी बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या नसेसह वेगळा काढला आणि ती नस धडधडत्या हृदयावर ठेवली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पायाचा स्नायू आखडू लागला. त्या काळी हृदयातली वीज 'पाहण्याचे' याहून चांगले साधन नव्हते.

वॉलर यांच्या हाती आले ते लिपमन यांचे केशिका-विद्युन्मापक : काचेच्या अतिशय बारीक नळीत पारा आणि त्यावर सौम्य गंधकाम्ल. वीज बदलली की पाऱ्याचा माथा किंचित वरखाली होई आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्र-पट्टीवर उमटे.

४/
पण पारा जड. हृदयातली वीज बदलून जाई, तरी पारा मागेच रेंगाळे. म्हणून वॉलर यांच्या चित्रात प्रत्येक ठोक्याला जेमतेम दोन उंचवटे दिसत. मूळ आकृती कशी आहे, याचा तो केवळ आभास होता.

१८८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहणाऱ्यांत एक तरुण डच प्राध्यापक होता : विलेम आइंटहोव्हन.

५/
आइंटहोव्हन यांचा जन्म १८६० चा, जावा बेटावरील समारंग या गावचा. तेव्हा जावा डचांच्या ताब्यात होते आणि वडील तिथे डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचा असताना वडील वारले; पुढे आई मुलांना घेऊन नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरी परतली. पंचविशीतच हा मुलगा लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला.

पाऱ्याची चूक त्यांनी आधी गणिताने दुरुस्त केली. न सुधारलेल्या रेघेवरच्या टोकांना ए, बी, सी, डी अशी नावे होती. १८९५ मध्ये गणिताने सुधारलेल्या रेघेवरच्या टोकांना त्यांनी नवी नावे दिली : पी, क्यू, आर, एस, टी. आज जगातल्या प्रत्येक ईसीजीवर हीच अक्षरे आहेत.

६/
मात्र प्रत्येक ठोक्यासाठी गणित करीत बसणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी नवे यंत्रच घडवले. क्वार्ट्झ वितळवून, त्याचा थेंब बाणाला जोडून बाण सोडायचा. मागे जो तंतू ताणला जाई तो केसाहून कितीतरी बारीक असे. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो बलाढ्य विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणायचा. हृदयातली क्षीण वीज त्या तंतूतून गेली की तो थरथरे आणि त्याची मोठी केलेली सावली छायाचित्रात उमटे.

या यंत्राचे नाव स्ट्रिंग गॅल्व्हॅनोमीटर. पहिले वर्णन १९०१ चे. वजन सुमारे २७० किलो. चुंबक तापू नये म्हणून पाण्याची सोय, आणि चालवायला पाच माणसे. यंत्राने दाखवलेली रेघ आणि आधी गणिताने मिळालेली रेघ हुबेहूब जुळल्या.

७/
आता ही रेघ सांगते तरी काय?

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. विजेची लाट अलिंदांतून पसरते तेव्हा लहान गोलसर 'पी' उमटतो. मग क्षणभर रेघ सपाट राहते. लाट निलयांत शिरते तेव्हा उंच टोकदार 'क्यूआरएस' दिसतो. निलय पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात, तो 'टी'.

आजच्या कागदावर पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. ताल नियमित असेल तर दोन टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजावे आणि ३०० ला त्या संख्येने भागावे. मिनिटाचे ठोके मिळतात. अंतर चार चौकोनांचे असेल तर ठोके ७५.

८/
यंत्र प्रयोगशाळेत आणि रुग्ण रुग्णालयात. एवढे अवजड यंत्र हलवणे अशक्य होते. १९०५ च्या मार्च महिन्यात आइंटहोव्हन यांनी दूरध्वनीच्या तारेने दोन्ही जोडले. अंतर दीड किलोमीटर. रुग्ण तिकडे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे आणि त्याच्या हृदयाची रेघ इकडे उमटे.

१९०६ मध्ये त्यांनी अशा नोंदींचा संग्रह प्रसिद्ध केला : वाढलेले निलय, अवेळी येणारे ठोके, अलिंद आणि निलय यांच्यातला तुटलेला दुवा. त्यात एक अत्यंत अनियमित रेघही होती. तिच्यावर त्यांनी लॅटिनमध्ये 'असमान व अनियमित नाडी' एवढेच लिहिले. तो विकार नेमका काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

९/
कथेचा हा खरा पेच. अक्षरे मिळाली होती, पण शब्दांचे अर्थ ठाऊक नव्हते. एखादी अज्ञात लिपी सुवाच्य कोरलेली सापडावी आणि भाषा मात्र कोणालाच येत नसावी, तशी ही अवस्था होती. शिलालेखाचे वाचन व्हायचे तर दुसऱ्या, ओळखीच्या भाषेतला मजकूर शेजारी लागतो.

ईसीजीच्या बाबतीत तो मजकूर आधीच लिहिला जात होता. तोही विजेच्या वाटेला न जाता, इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावात.

१०/
लँकेशायरमधील बर्न्ली हे कापडगिरण्यांचे गाव. १८७९ पासून तिथे जेम्स मॅकेंझी नावाचे स्कॉटिश डॉक्टर सर्वसाधारण व्यवसाय करीत. हृदयविकार असलेली एक तरुण गरोदर स्त्री त्यांच्या देखरेखीखाली असताना बाळंतपणात दगावली. धोका आपल्याला आधी ओळखता आला नाही, हा सल त्यांच्या मनात राहिला. कोणत्या रुग्णाचे हृदय तग धरेल आणि कोणाचे नाही, हे ग्रंथांत सापडेना. मग त्यांनी स्वतःच नोंदी ठेवायला सुरुवात केली.

११/
मॅकेंझी यांची युक्ती साधी होती. मनगटाची नाडी निलयांचे काम सांगते. पण अलिंदांचे काय? मानेतल्या मोठ्या शिरेचे हेलकावे पाहिले तर अलिंद आकुंचन पावल्याची खूण तिथे दिसते. दोन्ही एकाच वेळी कागदावर उतरवली तर वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा परस्परसंबंध कळतो.

यासाठी त्यांनी पॉलिग्राफ बनवला. त्याची शाईने लिहिणारी सुधारित आवृत्ती एका स्थानिक घड्याळजीच्या मदतीने तयार झाली. १९०२ मध्ये त्यांचा नाडीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे सर्वांत मोठे साधन मात्र वेगळेच होते : तेच रुग्ण, तेच घर, वीस-वीस वर्षे.

१२/
अशाच एका स्त्रीला ते १८८० पासून पाहत होते. संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. अलिंद आकुंचन पावताना ऐकू येणारी विशिष्ट घरघर आणि मानेच्या शिरेतला अलिंदाचा हेलकावा, दोन्ही तिच्यात वर्षानुवर्षे स्पष्ट होते.

१८९८ मध्ये तिची नाडी एकाएकी पूर्ण विस्कळीत झाली. मॅकेंझी यांनी तपासले तेव्हा घरघर नाहीशी झाली होती आणि शिरेतला तो हेलकावाही. अलिंदांनी काम थांबवले होते, एवढे निश्चित. का थांबवले, याचे त्यांचे स्पष्टीकरण चुकले. अलिंद लुळे पडले असावेत, असे त्यांना आधी वाटले. पण निरीक्षण अचूक होते.

१३/
याच सुमारास नेदरलँड्समध्ये कारेल वेंकेबाख हे डॉक्टर सुमारे चाळिशीच्या एका स्त्रीची नाडी अभ्यासत होते. तिचे ठोके ठरावीक गटांत येत आणि प्रत्येक गटानंतर एक ठोका गळे. वेंकेबाख यांनी नाडीच्या आलेखावर दोन ठोक्यांमधली अंतरे सेकंदाच्या सूक्ष्म भागापर्यंत मोजली आणि १८९९ मध्ये निष्कर्ष मांडला : अलिंदांतून निलयांकडे जाणारा संदेश दर ठोक्याला थोडा अधिक उशिरा पोहोचतो, उशीर वाढत वाढत एकदा संदेश पोहोचतच नाही, मग गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

१४/
आज ईसीजीवर हे कोणालाही दाखवता येते. पी आणि क्यूआरएस यांमधले अंतर पाहत जावे : ते लांबते, आणखी लांबते, मग एक पी एकटाच उरतो, त्याच्यामागे क्यूआरएस येत नाही. या नमुन्याला वेंकेबाख यांचेच नाव आहे. त्यांनी तो ओळखला तेव्हा ईसीजी यंत्र अस्तित्वातच नव्हते.

१९२४ मध्ये जर्मन डॉक्टर मोबिट्झ यांनी ईसीजीच्या आधारे यातले दोन प्रकार वेगळे केले. उशीर वाढत जाऊन ठोका गळतो तो प्रकार बहुधा सौम्य. पण अंतर जसेच्या तसे राहून ठोका अचानक गळत असेल तर दुवा पूर्ण तुटण्याची भीती असते. कागदावरचा फरक दोन-चार छोट्या चौकोनांचा असतो, पण त्यावर रुग्णाचे भवितव्य ठरू शकते.

१५/
पण संदेश जातो कुठून? ही वाट शोधण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका जपानी तरुणाला जाते. सुनाओ तवारा जर्मनीतील मारबुर्ग येथे लुडविग आशॉफ यांच्याकडे काम करीत होते. हृदयाचे असंख्य बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत त्यांनी अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरची एक गाठ आणि तिथून निलयांच्या भिंतींपर्यंत पसरलेल्या तंतूंचे जाळे एकसंध असल्याचे दाखवले. १९०६ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पी आणि क्यूआरएस यांमधली ती सपाट रेघ म्हणजे मुख्यतः या गाठीत होणारा विलंब. अलिंदांतले रक्त निलयांत उतरायला तेवढी उसंत मिळते.

१६/
त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंट परगण्यात शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ पत्नीसह सायकलवरून फेरफटका मारून घरी परतले. त्यांचा वैद्यकीचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक त्यांची वाटच पाहत होता. चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, बिळात राहणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली होता आणि उजव्या अलिंदाच्या वरच्या टोकाला त्याला वेगळ्याच पेशींचा पुंजका दिसला होता. हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो ती ही जागा, सायनस गाठ. शोधनिबंध १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीथ यांना या विषयाकडे वळवणाऱ्यांत मॅकेंझीही होते. आपल्या मृत रुग्णांची हृदये ते त्यांच्याकडे तपासणीसाठी पाठवीत.

१७/
आता सगळे धागे एकत्र आणणारा वाचक हवा होता. तो कार्डिफचा थॉमस लुइस, जन्म १८८१. मॅकेंझी १९०७ मध्ये लंडनला आले. पुढच्याच वर्षी लुइस त्यांच्या सहवासात आले आणि विस्कळीत नाडीचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. मॅकेंझी यांच्यापाशी रुग्णांच्या वीस वर्षांच्या नोंदी होत्या, लुइस यांच्यापाशी नवे यंत्र.

केंब्रिजच्या एका कंपनीने आइंटहोव्हन यांचे यंत्र विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली होती. तिचे एक संस्थापक होरेस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. पहिले यंत्र १९०८ मध्ये एडिंबरोला गेले.

१८/
विस्कळीत नाडी हा विकार नवा नव्हता. जुने डॉक्टर त्याला 'हृदयाचा भ्रम' अशा अर्थाचे लॅटिन नाव देत. दुसरीकडे, प्राण्यांच्या अलिंदांना वीज दिली की ते आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरतात, हे प्रयोगशाळांत ठाऊक होते. औषधशास्त्रज्ञ आर्थर कुश्नी यांना कुत्र्यांवरील अशा प्रयोगांतली नाडी आणि काही रुग्णांची नाडी यांत साम्य दिसले होते. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

१९०९ मध्ये लुइस यांनी दोन्हींचे ईसीजी शेजारी ठेवले. दोन्हींत पी नाहीसा. त्याच्या जागी बारीक, वेडीवाकडी थरथर. क्यूआरएस येतात, पण कोणत्याही दोघांमधले अंतर सारखे नाही.

१९/
मॅकेंझी यांच्या रुग्ण स्त्रीच्या मानेतला हेलकावा का मावळला, याचे उत्तर मिळाले. तिचे अलिंद लुळे पडले नव्हते. ते थरथरत असावेत. आइंटहोव्हन यांच्या १९०६ च्या संग्रहातल्या त्या 'असमान व अनियमित' रेघेचाही अर्थ लागला. त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर पोहोचले. लुइस यांनी पुढे हा विकार असलेल्या घोड्यांचे अलिंद थरथरताना प्रत्यक्षही पाहिले.

एट्रिअल फिब्रिलेशन हे आजचे त्याचे नाव. लुइस यांच्या निबंधाचे शीर्षकच सांगत होते की हा विकार दुर्मीळ नाही, नेहमी आढळणारा आहे.

२०/
नाव मिळाल्याने काय साधले? डिजिटॅलिस या औषधाचे उदाहरण घ्यावे. डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या पानांचा सूज उतरवण्यासाठी होणारा उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. काही रुग्णांना त्याने आश्चर्यकारक आराम पडे, काहींना काहीच नाही, काहींना विषबाधा होई. सव्वाशे वर्षे हे कोडे सुटले नव्हते.

मॅकेंझी आणि लुइस यांच्या कामातून स्पष्ट झाले की अलिंद थरथरत असलेल्या रुग्णांना त्याचा विशेष गुण येतो. औषध थरथर थांबवत नाही; ते तवारा यांच्या गाठीतली ये-जा मंदावते. वरून येणारा संदेशांचा भडिमार निलयांपर्यंत कमी पोहोचतो, त्यांना भरायला वेळ मिळतो आणि रुग्णाचा श्वास सुटतो.

२१/
वाचनाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती : काय निरुपद्रवी आहे, हे ओळखणे. त्या काळी नाडी थोडी अनियमित लागली की हृदयरोगाचा शिक्का बसे. मुलांना खेळ बंद, तरुणांना विमा नाही, कित्येकांना महिनोन्‌महिने अंथरूण.

मॅकेंझी यांनी दाखवले की लहान मुलांत आणि तरुणांत श्वासाबरोबर ठोके जलद-मंद होणे हे निरोगीपणाशी सुसंगत आहे. मध्येच येणारा एखादा अवेळी ठोकाही, बाकी सर्व ठीक असेल तर, बहुधा भीतीचे कारण नसतो. ईसीजीवर अशा रेघेत प्रत्येक क्यूआरएसच्या आधी नेहमीसारखा पी असतो, फक्त अंतर श्वासाच्या लयीत कमी-जास्त होते.

२२/
पहिल्या महायुद्धात याची मोठी परीक्षा झाली. धडधड, धाप आणि थकवा यांमुळे हजारो ब्रिटिश सैनिकांवर 'हृदयरोगी' असा शिक्का बसून ते लढाईतून परत पाठवले जात होते. लंडनमधील हॅम्पस्टेड येथे त्यांच्यासाठी खास रुग्णालय उघडले गेले आणि लुइस तिथे काम करू लागले. त्यांतल्या बहुतेकांच्या हृदयात रचनेचा दोष सापडला नाही. अंथरुणाऐवजी क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम हा त्यांनी उपचार ठरवला. हृदयरोग नाही, हे खात्रीने सांगणे हेही निदानच होते. चुकीच्या वाचनाने चांगला माणूस आजारी ठरतो, हा धडा तिथे मोठ्या प्रमाणावर शिकला गेला.

२३/
लुइस यांची १९११ आणि १९१३ ची पुस्तके म्हणजे या लिपीचे पहिले शालेय ग्रंथच. देशोदेशींचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत आणि मायदेशी यंत्र व विद्या दोन्ही घेऊन जात.

आइंटहोव्हन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२५ च्या डिसेंबरात स्टॉकहोमला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी लुइस यांचा उल्लेख मोठ्या कृतज्ञतेने केला. त्यांच्या कार्यावाचून आपण या व्यासपीठावर उभे राहिलो असतो की नाही याची शंकाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यंत्रकर्त्याने वाचकाचे ऋण जाहीरपणे मान्य केले होते.

२४/
याच काळात लुइस यांना वाटू लागले की ईसीजीतले सार काढून झाले, आता फारसे उरलेले नाही; आणि ते दुसऱ्या विषयांकडे वळले. वॉलर यांच्याप्रमाणे त्यांचाही अंदाज चुकला.

१९२० मध्येच न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी हृदयविकाराच्या झटक्यातली खूण दाखवली होती : क्यूआरएस आणि टी यांमधला भाग सपाट न राहता वर उचलला जातो. तोवर ईसीजी मुख्यतः हृदयाचा ताल सांगे. आता तो हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचते आहे की नाही, हेही सांगू लागला.

२५/
मात्र दोन हात आणि एक पाय एवढ्या तीन ठिकाणांहून हृदयाचा प्रत्येक कोपरा दिसत नव्हता. मिशिगनचे फ्रँक विल्सन यांनी छातीवरून नोंद घेण्याची भक्कम पद्धत बसवली. १९३८ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी छातीवरच्या सहा जागा ठरवून दिल्या. १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या आणखी तीन नोंदींची भर घातली.

तीन, तीन आणि सहा मिळून बारा. आज ईसीजीच्या कागदावर दिसणारी बारा चित्रे म्हणजे एकाच हृदयाकडे बारा खिडक्यांतून पाहणे होय. खिडकी ठरलेली असल्यामुळेच एका शहरातला कागद दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला वाचता येतो.

२६/
कधी कधी रेघ आणि माणूस एकमेकांशी जुळत नाहीत. १९२८ मध्ये बोस्टनचे पॉल व्हाइट यांच्याकडे व्यायाम शिकवणारा पस्तिशीचा निरोगी माणूस आला. मधूनच छातीत विलक्षण धडधड होई, ही त्याची तक्रार. त्याचा ईसीजी पाहावा तर हृदयाचे गंभीर दुखणे वाटावे असा : पी आणि क्यूआरएस यांमधले अंतर फारच कमी, आणि क्यूआरएस रुंद. पण श्रम केल्यावर तीच रेघ अगदी नेहमीसारखी होई.

व्हाइट यांचे सहकारी लुई वुल्फ आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांच्यासह असे ११ रुग्ण १९३० मध्ये प्रसिद्ध झाले.

२७/
कारण पुढे उलगडले. या माणसांत अलिंद आणि निलय यांना जोडणारी जन्मजात चोरवाट असते. गाठीतला विलंब टाळून वीज तिथून आधीच निलयांत उतरते, म्हणून अंतर कमी दिसते. एका वाटेने उतरून दुसरीने वर चढत वीज गोल फिरू लागली की अचानक धडधड सुरू होते.

१९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शल्यविशारद विल सीली यांनी एका रुग्णाची अशी वाट शस्त्रक्रियेने तोडली. पुढे तेच काम छाती न उघडता, शिरेतून नळी नेऊन होऊ लागले. बहुतेकांसाठी तो कायमचा इलाज ठरला.

२८/
आता शेवटचा आणि कदाचित सर्वांत मोठा बदल. १९६० च्या सुमारास हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी शंभरांतले सुमारे तीस दगावत. त्यांतल्या पुष्कळांचा मृत्यू एकाएकी निलय थरथरू लागल्याने होई. ईसीजीवर तेव्हा पी, क्यूआरएस, टी काहीच उरत नाही. नुसती आकारहीन लाट दिसते.

विजेचा झटका देऊन ही थरथर थांबवता येते, हे तोवर सिद्ध झाले होते. पण हाती मिनिटे मोजकीच असत. डॉक्टरला बोलावून तो येईपर्यंत सारे संपलेले असे. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास असणारी व्यक्ती एकच होती : परिचारिका.

२९/
ईसीजी वाचणे हे तोवर डॉक्टरांचे, त्यातही तज्ज्ञांचे काम मानले जाई. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी ही समजूत मोडली. परिचारिकांना पडद्यावरची रेघ वाचायला, धोक्याचा ताल ओळखायला आणि डॉक्टरची वाट न पाहता झटका द्यायला शिकवले गेले. असे विशेष हृदय-कक्ष १९६० च्या दशकात जगभर पसरले आणि हृदयताल बिघडून रुग्णालयात होणारे मृत्यू ठळकपणे घटले.

यंत्र तेच होते आणि रेघही तीच. वाचणारे हात वाढले आणि ते खाटेजवळ आले.

३०/
आज २७० किलोंचे यंत्र मनगटावरच्या घड्याळात मावले आहे. ईसीजी यंत्र कागदाच्या माथ्यावर निदानही छापून देते. तरीही त्या ओळीखाली माणसाची सही लागते. रुग्ण थरथर कापत असेल किंवा तार सैल असेल, तर रेघेवर खोटी थरथर उमटते आणि यंत्र फसू शकते. पडद्यावर भयंकर लाट दिसत असताना रुग्ण शांतपणे बोलत असेल, तर आधी तार तपासायची असते.

म्हणून वैद्यकीच्या विद्यार्थ्याला आजही ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारायला शिकवतात : ठोके किती? अंतर सारखे आहे का? प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का? प्रत्येक पीच्या मागे क्यूआरएस आहे का?

३१/
यांतले शेवटचे दोन प्रश्न मुळात विजेचे नाहीतच. वरचे कप्पे काम करीत आहेत का, आणि त्यांचा निरोप खाली पोहोचतो आहे का, हे ते प्रश्न. बर्न्लीच्या त्या डॉक्टरांनी एक हात रुग्णाच्या मनगटावर ठेवून आणि नजर तिच्या मानेवर लावून ते विचारले होते. उत्तर शोधायला त्यांना अठरा वर्षांच्या भेटी लागल्या. ईसीजीवर त्याला दहा सेकंदांचा कागद पुरतो.

(समाप्त)